घास कोणाच्या नावाचा

सुलतानपूरच्या फाट्यावर उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मेहकरहून सिंदखेडराजा, जालन्याकडे जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो आणि इथून एक वाट लोणारकडे वळते. बाहेरच्या माणसाला सुलतानपूर म्हणजे लोणारचं सरोवर बघायला जाताना गाडी बदलायची जागा. मला ते माझ्या गेलेल्या माणसांचं गाव आहे. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. शिवारात सोयाबीन पिवळं होऊन सोंगणीला आलं होतं, कपाशीला बोंडं धरली होती, आणि गावात घरोघरी चुली पेटल्या होत्या.

भावाने देवघरातले टाक चिंचेने घासून लख्ख केले होते. चांदीच्या त्या चिमुकल्या पत्र्यांवर उठवलेल्या आकृत्यांत देव किती आणि आमचे पूर्वज किती, हे आता घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. एक घोडेस्वार आहे, हातात तलवार धरलेला. आबा त्याला 'वीर' म्हणायचे. तो आपल्या घरातला माणूस होता, कुठल्याशा लढाईत पडला, एवढंच सांगायचे. त्याचं नाव आबांनाही ठाऊक नव्हतं.

बाबांची तिथी षष्ठीची, आईची द्वादशीची. नोकरीमुळे मला दोन्ही साधत नाहीत, म्हणून मी अमावस्येला येतो. ही अमावस्या फार मोठ्या मनाने ठेवलेली आहे असं मला वाटतं. ज्याची तिथी माहीत नाही, ज्याच्या मरणाची बातमी कधी पोहोचलीच नाही, जो परमुलखात गेला आणि परतला नाही, त्या सगळ्यांसाठी वर्षातला हा एक दिवस. तर्पणातही शेवटी एक ओंजळ असते. ज्यांना मुलगा नाही, भाऊबंद नाहीत, ज्यांच्यासाठी पाणी सोडणारं कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठी.

वहिनींनी ताट वाढलं. खीर, उडदाचे वडे, कढी, आळूची भाजी, गवार, लाल भोपळा. भावाने गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं आणि एकेका नावाने घास टाकायला सुरुवात केली. बाबांचं नाव, आबांचं, आबांच्या वडिलांचं. तीन पिढ्या. तिथे नावं संपतात. मग भावाने माझ्याकडे पाहिलं. आईचा घास मी टाकायचा होता. मी तिची दोन्ही नावं घेतली, आधी माहेरचं, मग सासरचं. आमच्या घरात पूर्वी असं कुणी करत नसे. ही गोष्ट मला एका असांते माणसाने शिकवली, आणि ती सांगायची तर 1996 सालच्या भाद्रपदात जावं लागेल.

तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. खोलीत माझ्याबरोबर घानाचा एक विद्यार्थी राहायचा, कुमासी शहरातला. त्यांच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं, आणि आम्ही त्याला त्या वाराच्या नावानेच हाक मारायचो. त्याची एक सवय माझ्या लवकर लक्षात आली. काही विशेष प्यायचं असलं, कुणाचा वाढदिवस, परीक्षेचा निकाल, की तो पेला ओठाला लावण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडायचा. आमच्या खोलीची फरशी कायम चिकट असायची. विचारलं तेव्हा म्हणाला, ते आधी पितात, मग आपण.

त्या वर्षी पितरांच्या दिवसांत मी त्याला सुलतानपूरला घेऊन आलो. आईने त्याला पाहिलं, पाटावर बसवलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "याचे मायबाप हायेत का रे?" वडील वारलेत म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग नाव इचार त्याच्या बापाचं. पोरगा इथं जेवाले बसन अन् बाप उपाशी राहीन का?"

मी त्याला इंग्रजीत समजावलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, वडिलांचं नाव सांगतो, पण त्याआधी मामाचं घ्यावं लागेल. असांते हे अकान, आणि अकान लोकांत वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचं, वारसा मामाकडून भाच्याकडे, आणि मामाला शब्द आहे 'वोफा'. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "मंग मामाचंबी टाकू," म्हणाली.

पुढे त्याने आजीचं नाव सांगितलं आणि त्याआधी एक शब्द लावला, 'नाना'. आईने मान वर केली. आमच्या घरात बाबांच्या थोरल्या भावाला सगळे नाना म्हणायचे. त्याने सांगितलं की त्याच्या भाषेत आजा, आजी, गावचा प्रमुख, सगळे नाना, आणि जे गेले ते सगळे मिळून 'नानानोम न्सामानफो'. दोन शब्दांचं हे जुळणं योगायोगच आहे, भाषाशास्त्राला त्यातून काही काढता येणार नाही. पण त्या दुपारी माझ्या आईला तो योगायोग वाटला नाही आणि तिला तसं सांगायची मला इच्छाही झाली नाही.

बाबा जेवायला बसले, ताटाभोवती त्यांनी पाणी फिरवलं. तो एकटक बघत होता. जेवण झाल्यावर त्याने तांब्या मागितला, अंगणात गेला आणि उभ्याने थोडं थोडं पाणी मातीवर सोडत त्याच्या भाषेत बोलू लागला. आवाज प्रार्थनेचा नव्हता. घरच्या वडीलधाऱ्याला निरोप सांगावा तसा होता. नंतर त्याने क्रम सांगितला. पहिलं नाव न्यामेचं, म्हणजे परमेश्वराचं. दुसरं 'असासे या'चं, म्हणजे धरणीमायेचं. ती गुरुवारची, म्हणून असांते शेतकरी गुरुवारी जमिनीला कुदळ लावत नाही. बाबांना हे फार पटलं. त्यांच्या लहानपणी सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसत. तिसऱ्यांदा पूर्वजांना बोलवायचं, आणि त्यांना नावाने बोलवायचं. नुसतं 'पूर्वजहो' म्हटलं तर कोण येणार? गर्दीत कुणीतरी 'अहो' म्हणून हाक मारली तर आपण वळतो का?

त्याच्यामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आफ्रिका एक नाही, हे सगळ्यांत आधी कळलं. तरी काही गोष्टी दूरदूरच्या लोकांत सारख्या दिसतात. झुलू लोकांच्या घरात दारासमोरच्या, सगळ्यांत आतल्या भिंतीशी 'उम्सामो' नावाची जागा असते. ती पूर्वजांची, 'अमाद्लोझीं'ची. तिथे 'इंफेफो' नावाची सुवासिक वनस्पती जाळतात आणि घरात लग्न ठरलं, मूल झालं, कुणी दूर निघालं की ते तिथे सांगतात. झिंबाब्वेतल्या शोना लोकांत माणूस गेल्यावर वर्षभराने 'कुरोवा गुवा' हा विधी करतात. तोवर मृतात्मा भटका असतो. त्या दिवशी ढोल वाजवत त्याला घरी आणतात आणि मग तो घराण्याचा राखणदार होतो. आपल्याकडच्या सपिंडीकरणाची आठवण येतेच. तोवर तो प्रेत, त्यानंतर पितर, आणि पितरांच्या रांगेत त्याला आपल्या हाताने बसवावं लागतं.

या सगळ्याला युरोपीय लेखकांनी 'पूर्वजपूजा' असं नाव दिलं, आणि ते अनेक आफ्रिकी लेखकांना खटकलं. जोमो केन्याटा पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी 1938 सालच्या आपल्या पुस्तकात किकुयू लोकांबद्दल लिहिताना हा भेद स्पष्ट केला आहे: पूजा देवाची, पूर्वजांशी असतो तो सहवास. केनियाचेच जॉन म्बिती 1969 मध्ये गेलेल्यांना 'जिवंत मृत' म्हणाले. त्यांच्या मांडणीत माणूस श्वास थांबल्यावर पुरता मरत नाही. त्याला नावानिशी ओळखणारा शेवटचा माणूस जातो तेव्हा तो खरा जातो. आमच्या देवघरातला तो घोडेस्वार मला हे वाचताना आठवला. चांदीवर तो अजून दौडतो आहे, पण म्बितींच्या हिशेबाने तो आमच्या घरातून कधीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मित्राला लोणारला नेलं, धारेखाली त्याने आंघोळ केली. परतीच्या वाटेवर सिंदखेडराजाला थांबलो. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून आमच्या जिल्ह्याचा तो मानबिंदू. लखुजी जाधवांच्या समाधीच्या भव्य दगडी घुमटाखाली मी त्याला मला येत होता तेवढा इतिहास सांगत होतो. लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार, पुढे मोगलांकडे गेले, परत आले, आणि 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात मुलं आणि नातवासह मारले गेले. सांगता सांगता मलिक अंबरचं नाव आलं. मित्राने थांबवलं. कोण? हबशी, म्हटलं. तुमच्या खंडातला, इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, आणि म्हातारपणी निजामशाहीचा सर्वेसर्वा होऊन मेला. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम हरवल्या. शहाजीराजे त्या दिवशी त्याच्या बाजूला होते आणि त्यांचे सासरे लखुजीराव समोरच्या फौजेत.

त्याने लढाईबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "त्याला पुरलं कुठे?" खुलताबादला, म्हटलं. "तिथे त्याला पाणी कोण देतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. जाऊ कधीतरी, म्हटलं. परीक्षा आल्या, वर्षं गेली, तो घानाला परतला.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आई गेली. कळवल्यावर त्याचा फोन आला. रविवारी घरी सगळे जमणार आहेत, आईच्या नावाने पाणी सोडतो, नाव नीट सांग, उच्चार चुकायला नको. मी सांगितलं. त्याने तीनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, हे तिच्या आईने ठेवलेलं नाव का? मी म्हटलं, नाही, हे लग्नात ठेवलेलं. "मग ते सांग. तिच्या आईला हे नाव ओळखू येणार नाही. पलीकडे तिची आई असेल ना तिला घ्यायला." माझ्या आईचं माहेरचं नाव मी लहानपणी ऐकलं होतं, पण दोन नावांत माझा गोंधळ होऊ लागला. शेवटी मेहकरला मामांना फोन करून विचारलं. मामांनी सांगितलं आणि त्यांचा आवाज दाटला. साठ वर्षांत ते नाव त्यांच्याशिवाय कुणी घेतलं नव्हतं.

म्हणून या अमावस्येला जेवण झाल्यावर पिशवीत आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेतली आणि खुलताबादला जायला जालन्याच्या गाडीत बसलो. बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा. रस्त्याकडेला सोयाबीनच्या गंजी, ठिकठिकाणी देवीच्या मांडवांचे बांबू. उद्या घट बसणार होते. खिडकीशी बसून मी विकल्या गेलेल्या त्या पोराचा, लहानपणीच्या मलिक अंबरचा, विचार करत होतो.

जुन्या नोंदींत त्याचं मूळ नाव 'चापू' असं येतं. जन्म 1548 च्या आसपासचा. बाजारामागून बाजार, मालकामागून मालक असा तो तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून बगदादला गेला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनला आला आणि चंगेजखानाने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान मुर्तजा निजामशहाचा पेशवा आणि स्वतः हबशी. याच मुर्तजाने 1574 मध्ये इमादशाही बुडवून आमचा वऱ्हाड घेतला. चापूला बापजाद्यांची किती नावं पाठ असतील? इथिओपियाच्या शेजारचे सोमाली लोक पोरांकडून पूर्वजांची नावमाळ तोंडपाठ करून घेतात, 'अब्तिरसी' म्हणतात तिला. ओरोमो लोकांतही बापाच्या बापाचा बाप असं मोजत मागे जायची रीत आहे. पोराला विकणारा त्याचं अंग विकतो. तोंडातली ती माळ कुणाला विकता येत नाही, पण ती म्हणायला समोर कुणी लागतं, आणि बगदादच्या घरात तिचा अर्थ कळणारं कोण होतं?

दख्खनमध्ये आणि पश्चिम किनाऱ्यावर असे हजारो आले. काही जंजिऱ्याचे सिद्दी होऊन राज्य करते झाले, बहुतेक नुसते राबले. त्यांनी तुटलेल्या माळेचं काय केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गुजरातच्या सिद्दींचा मूळपुरुष म्हणजे बावा गोर. भरूचजवळ रतनपूरच्या टेकडीवर त्याचं ठाणं आहे. अकीक दगडाचा व्यापार त्याने सुरू केला असं सांगतात. त्याची बहीण माई मिस्रा. सिद्दी तिथे ढोल घेऊन धमाल घालतात. कुणाचा सख्खा पणजोबा कोण हे हरवलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक पणजोबा मानला. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी घरात 'हिरियारूं'ना पुजतात. कानडीत हिरिय म्हणजे थोरला. त्यांचे अनेक पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातून पळून त्या जंगलात शिरले होते. भाषा गेली, देव बदलले, नावं तर केव्हाच गेली. घरातल्या थोरांची जागा मात्र त्यांनी मोकळी ठेवली. आमच्या अमावस्येच्या घासाला याहून जवळचं नातं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

रात्री छत्रपती संभाजीनगरला मुक्काम केला. हे शहर 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी गावाच्या जागी वसवलं, आणि खापराच्या नळांतून त्याने शहरात खेळवलेलं पाणी 'नहर-ए-अंबरी' म्हणून त्याच्या नावाने ओळखलं गेलं. त्याच्या मुलाने शहराला फत्तेनगर म्हटलं, मग औरंगाबाद, मग आजचं नाव. गावोगावच्या जुन्या दप्तरांत 'मलिकंबरी धारा' हा शब्द सापडतो. जमिनीची मोजणी करून त्याने बसवलेला सारा तो. म्हणजे आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव कित्येक पिढ्या होतं, साऱ्याच्या रूपाने का होईना.

सकाळी दौलताबादचा घाट चढून गाडी खुलताबादला पोहोचली. वेशीतून आत गेलं की संतांच्या दर्ग्यांची वर्दळ आहे, फुलांची आणि चादरींची दुकानं आहेत, औरंगजेबाची साधी कबर पाहायला आलेले लोक आहेत. मलिक अंबरची कबर त्या गर्दीपासून दूर, जर जरी जर बक्षांच्या दर्ग्याच्या बाजूला, मोकळ्या माळावर आहे. उंच चौथरा, त्यावर चौकोनी काळसर इमारत, भिंतींत कमानींचे कोनाडे, वर घुमट. जवळच लहान घुमट त्याच्या पत्नीचा, बीबी करीमाचा. तीही हबशी. 1626 मध्ये तो इथे आला. सात वर्षांत दौलताबाद पडलं, मुलाने किल्ला मोगलांना दिला. त्याच्यावर आयुष्यभर दात ठेवून असलेल्या जहांगीराच्या दरबारातल्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची नोंद करताना मात्र त्याची मनापासून थोरवी गायली आहे. शत्रूच्या घरी त्याचा घास पडला म्हणायचा.

चौथऱ्याच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ बकऱ्या राखत बसले होते. सलाम केला, ते म्हणाले, वर जा. वर कबरीवर फिकट झालेली चादर होती. कुणीतरी अलीकडेच झाडलं होतं. मी चप्पल काढून उभा राहिलो. हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "मलिक अंबर." घुमटाने ते घुमवलं. आणखी काय बोलावं सुचेना.

खाली आलो तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"सुलतानपूरहून. बुलढाणा जिल्हा. लोणारजवळ."

"इतक्या लांबून? कोण लागतात तुमचे हे?"

मी माझ्या मित्राबद्दल सांगितलं, तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आम्ही इथून जाता-येता फातिहा पढतो. माझे वडीलही पढायचे. सांगा त्यांना." आणि मी पाण्याची बाटली काढलेली पाहून त्यांनी बोटाने समोरचं कडुनिंबाचं झाड दाखवलं, "तिथे घाला. त्याला गरज आहे."

मी झाडाच्या बुंध्याशी वाकलो, झाकण उघडलं आणि थांबलो. कुमासीहून आलेला तो फोन आठवला, मामांचा दाटलेला आवाज आठवला. वर घुमटात मी जे नाव घेतलं होतं ते मालकाने दिलेलं होतं.

बाटली तशीच हातात धरून मी पुन्हा पायऱ्या चढलो.